एमाचं कर्ज

मागच्या सुट्टीत नाशिकला घरी होते तेव्हा जेवताना एका नव्या कादंबरीवरून वाद पेटला. काकांचं म्हणणं, वास्तववादाच्या नावाखाली सगळा चिखल घरात आणून ओतायचा याला साहित्य म्हणत नाहीत, आणि चुलतभाऊ म्हणे शिव्याच नसतील तर ते वास्तव कसलं. मला दोघांचंही पटलं नाही पण तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितेय.

मी नऊ वर्षं फ्रान्समध्ये रुआँला राहते, फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरच्या गावात. त्याचे वडील इथल्या जुन्या हॉस्पिटलात सर्जन होते, तो जन्मला तिथेच, आता तिथे म्युझियम आहे. त्याची 'मादाम बोवारी' ही कादंबरी १८५६ मध्ये क्रमशः छापून आली आणि लगेच खटला, नीती आणि धर्माचा अपमान केला म्हणून. फेब्रुवारी १८५७ मध्ये तो सुटला खरा, पण निकालात कोर्टाने सुनावलंच की असा रिअॅलिझम म्हणजे सुंदर आणि चांगल्याला नकार. अगदी काकांचंच म्हणणं! त्याच वर्षी त्याच सरकारी वकिलाने बोदलेर या कवीवर खटला चालवला, त्याला दंड झाला आणि त्याच्या सहा कवितांवरची बंदी उठायला १९४९ साल उजाडलं. म्हणून 'तुमच्याकडे काय, सगळं मोकळं' असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही. आपल्याकडे १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' सेन्सॉरमध्ये अडकलं ते हायकोर्टातून सुटलं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. माझी लेक इथे लिसेत म्हणजे हायस्कूलात शिकते, तिच्या बाईंनी होमवर्क दिला की त्या कादंबरीच्या नायिकेने, एमा बोवारीने, कापडवाल्याकडून काय काय उधार घेतलं त्याची क्रमाने यादी करा. आम्ही दोघी रात्री बसलो. प्रियकराला द्यायला चाबूक, पळून जायचं ठरलं तेव्हा कोट आणि ट्रंक, मग हुंड्या, नवऱ्याचं मुखत्यारपत्र, पडदे, गालिचा, हुंडीवर नवी हुंडी, आणि शेवटी नोटीस, चोवीस तासांत आठ हजार फ्रँक भरा. ती दारोदार पैसे मागत फिरते, प्रियकरसुद्धा हात वर करतात, मग ती आर्सेनिक खाते. खटल्यात आरडाओरडा तिच्या प्रेमप्रकरणांवर आणि धर्मावरून झाला आणि ज्या हिशोबाने तिचा जीव घेतला तो बाजूलाच राहिला. वास्तववाद मला या हिशोबात दिसतो. लेखकाला व्याज कसं चढतं ते माहीत आहे, सही कोण करून घेतं ते माहीत आहे. चिखल आहे की नाही, शिव्या आहेत की नाही, यावरून काहीच ठरत नाही. आपल्याकडे १८५७ मध्येच बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' कादंबरीत विधवांचे हाल लिहिले, ते काय शिव्यांच्या जोरावर?

यादी झाल्यावर लेकीने माझ्या आईला नाशिकला फोन लावला आणि विचारलं, आजी, पणजोबांनी विहिरीसाठी कर्ज काढलेलं ते किती होतं? आई 'असली पुस्तकं' कधी वाचत नाही. पण तिने रक्कम सांगितली, व्याज सांगितलं, दोन पाटल्या कोणत्या महिन्यात गेल्या तेही सांगितलं, आणि मग म्हणाली थांब, अजून एक हप्ता राहिला सांगायचा.