फरशीखालच्या हीटिंगचा फॉल्ट आणि तपासणीचे पंधराशे रुपये : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला रिव्ह्यू वाचला. ऐन थंडीत आजींना गार फरशीवर राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. यायला उशीर झाला हेही खरं. सोनगीरकडे एका शेतकऱ्याचा स्टार्टर जळाला होता, गहू पाण्यावर आलेला आणि थ्री फेज थोडेच तास राहणार, त्याला तसं सोडून निघवेना. वाटेतून आपल्याला फोन लावला होता, एंगेज लागला.

पण आपण लिहिलंय, की दुपारभर नुसते मीटर लावून बसले, घरच्यांकडून फरशी पुसून घेतली, काही न करता पंधराशे घेऊन गेले, आणि दुसऱ्या माणसाने दहा मिनिटांत चालू करून दिलं. यावर गप्प बसलो तर आग्रा रोडवर येणारं गिऱ्हाईक हेच खरं धरेल. माझं पोट याच दुकानावर आहे. म्हणून लांबलं तरी लिहितो.

धुळ्यात फरशीखाली हीटर म्हटलं की लोक हसतात. मे महिन्यात आपली फरशी फुकटात तापते. पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा एक आकडी होतो आणि गुडघे धरलेल्या माणसाला ती गार फरशी सोसत नाही, हे मला आजींकडे बघून कळलं. आपल्या चिरंजीवांनी फरशीखाली अंथरायची हीटिंग वायरची मॅट चांगलीच आणली आहे. ४ चौरस मीटर, दर चौरस मीटरला १५० वॅट, म्हणजे ६०० वॅट. २३० व्होल्टला करंट जेमतेम अडीच अँपिअर. एवढ्याने एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा स्विच, पडत नाही, आणि पडतही नव्हता. पडत होता आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच. याचा अर्थ लोड जास्त नाही, करंट कुठेतरी अर्थिंगला गळतोय.

कुठे गळतोय, हे शोधणं म्हणजेच काम, साहेब. थर्मोस्टॅट, म्हणजे मॅटचं तापमान सांभाळणारा कंट्रोल, काढून वायर सुटी केली, आरसीसीबी टिकला. म्हणजे बोर्ड ठीक, थर्मोस्टॅटपर्यंतची वायरिंग ठीक. तापमानाचा सेन्सर पाहिला. तो २५ अंशांना १० किलोओहमचा, गार खोलीत बारा-साडेबारा दाखवत होता, तोही ठीक. हीटिंग वायरच्या दोन टोकांमध्ये ८८ ओहम. ६०० वॅटच्या मॅटला तेवढेच यायला हवेत, म्हणजे वायर आतून तुटलेली नाही. मग ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. किमान एक मेगाओहम तरी पाहिजे, तिथे आकडा एकच्या खाली-वर खेळत राहिला. फॉल्ट आहे, पण हाती लागत नाही.

आता फरशी पुसण्याचं. वहिनींनीच सांगितलं होतं, की सकाळी पोछा मारला की ट्रिप होतं आणि दुपारी आपोआप चालू राहतं. मी पोहोचलो तेव्हा फरशी खडखडीत वाळलेली. कोरड्या फरशीत हा फॉल्ट बिळातल्या सापासारखा दडून बसतो. म्हणून ओला पोछा मारायची विनंती केली आणि पाणी मुरायची वाट पाहिली. ‘नुसते बसले’ ते हेच बसणं. आजींनी ‘बठ रे भाऊ’ म्हणून चहा दिला, तो मी प्यायलो, हे कबूल.

पाणी मुरल्यावर आकडे आले. वायरच्या एका टोकापासून तिच्या बाहेरच्या जाळीपर्यंत ४१२ ओहम, दुसऱ्या टोकापासून ४७६. ओलीमुळे आकडा हलत होता म्हणून पुन्हा पुन्हा घेतला, पण दोन्हींतला फरक ६४ च्या आसपासच राहिला. गळतीच्या जागेचे ओहम दोन्ही आकड्यांत सारखेच, म्हणून हा फरक फक्त वायरचा. ८८ मधून ६४ गेले, उरले २४, त्याचे निम्मे १२. म्हणजे थर्मोस्टॅटच्या टोकाकडून ८८ पैकी १२ ओहमवर, वायरच्या साधारण सातव्या हिश्श्यावर फॉल्ट. मॅटच्या नकाशावर ते अंतर मोजलं तर थेट दाराजवळ येतं.

आणि दाराजवळ काय आहे? नवा डोअर स्टॉपर. भोवती पांढरा सिमेंट अजून ताजा. मी आल्या आल्या विचारलं होतं, फरशीत कुणी ड्रिल मारलं का? आपण म्हणालात, कुणी हात लावलेला नाही. स्टॉपर दाखवला तर म्हणालात, तो सुताराने लावलाय, त्याचा काय संबंध! आणि आवाज चढवलात. माझ्यासोबतच्या पोराने मान खाली घातली. तेवढं मला लागलं.

काही केलं नाही म्हणता, तर करू कुणी दिलं? एक टाईल उचलायची, वायर मोकळी करून सांधायची, जोड पाणीबंद करायचा आणि पुन्हा मेगर लावायचा, एवढंच काम होतं. जादा टाईल शिल्लक नाही म्हणून आपण नको म्हणालात. घर आपलं, मी जबरदस्ती करू शकत नाही. तपासणीचे पंधराशे मात्र फोनवर आधीच सांगितले होते, दुरुस्ती होवो न होवो.

दहा मिनिटांच्या दुरुस्तीबद्दल बोलतो, कारण बोर्डाचा फोटो आपणच टाकलाय. त्यात या खोलीची फेज आणि न्यूट्रल दोन्ही आरसीसीबी सोडून डायरेक्ट जोडलेली स्पष्ट दिसतात. फॉल्ट जागेवर आहे, ओरडणाऱ्याचं तोंड तेवढं बंद केलंय. ओल्या फरशीवर त्या जागी अर्ध्या अँपिअरच्या आसपास गळती होते. एमसीबीला तिचा पत्ता लागत नाही. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या आतच पाडतो, कारण त्यापुढे माणसाच्या जिवाला धोका. स्टॉपरचा स्क्रू लोखंडी आहे आणि आजी घरात अनवाणी फिरतात.

म्हणून विनंती, आजच त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवा आणि कुणाकडूनही ते कनेक्शन परत आरसीसीबीवर घ्या. माझ्याकडूनच करा असं नाही.

दुकानात यापुढे वेळेबाबत जास्त लक्ष देऊ, तपासणीचा दर लेखी देण्याचंही बघतो. टाईल मिळाली तर फरशीवाल्या मिस्त्रीला घेऊन येईन. तपासणीचे पैसे पुन्हा लागणार नाहीत, सांधायचे आणि मिस्त्रीचे लागतील, ते आधी सांगेन. स्टॉपर मात्र तोवर काढू नका. स्क्रू काढला की खूण जाईल आणि पाणी सरळ आत उतरेल.