रेडिओ ‘ठीक आहे’ म्हणून परत दिला, ती चूक आमचीच

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंय, वडिलांचा व्हॉल्व्ह रेडिओ (काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना रेडिओ) पहिल्यांदा आणला तेव्हा आम्ही ‘काही बिघाड नाही’ म्हणून ३०० रुपये घेऊन परत दिला. पंचवटीत घरी नेल्यावर अर्ध्या तासात तो पुन्हा मुका झाला. दुसऱ्यांदा आम्ही २२ दिवस ठेवून घेतला आणि मध्ये एक फोनही केला नाही. यातलं एक अक्षरही खोटं नाही.

चूक कुठे झाली ते सांगतो. मी चासी (सगळे भाग बसवलेला आतला सांगाडा) कॅबिनेटमधून काढून, टेबलावर पंख्याखाली चालवली. तुमच्याकडे तोच रेडिओ मागचं झाकण लावून चालतो, आत ऊब साठते. बिघाड त्या उबेचाच होता, आणि मी ती ऊब होऊच दिली नाही.

‘मीटर बरोबर दाखवत होता तर बिघाड कसा?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणजे व्हॉल्व्हकडून स्पीकरला आवाज पोचवणारा भाग. त्याची प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूची तारेची गुंडाळी, थंड असताना ४८० ओहम दाखवायची, म्हणजे ठणठणीत. दुसऱ्या वेळी झाकण लावून चालवला. चाळीस मिनिटांनी आवाज गेला, तेव्हा ईएल ८४ च्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, प्लेटवर (या प्रायमरीतून वीज मिळते ते टोक) व्होल्टेज शून्य आणि स्क्रीन ग्रिडवर (व्हॉल्व्हमधली तारेची जाळी) मात्र पूर्ण. ग्रिड लाल व्हायला लागली होती, म्हणून लगेच बंद केला. गरम असतानाच मीटर लावला तर वाइंडिंग (तीच गुंडाळी) ओपन, म्हणजे कुठेतरी तुटलेलं. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, पण अंशामागे जेमतेम ०.४ टक्के, तार तुटल्याशिवाय ओपन दाखवत नाही. दहा मिनिटांत निवल्यावर पुन्हा ४८०.

वरचा कागद ब्लेडने हलकेच सोलला. केसासारखी बारीक तार जिथे बाहेरच्या वायरला जोडलीय, तिथे मोहरीएवढा हिरवा डाग. इतक्या पावसाळ्यांचा ओलावा आणि तारेवर कायमचं डीसी व्होल्टेज, त्यात तांबं गंजलं होतं. तापलं की तिथला जोड सुटायचा, निवलं की पुन्हा टेकायचा. नशीब, हे वाइंडिंगचं बाहेरचं टोक होतं. आतलं असतं तर पूर्ण रिवाइंडिंग (सगळी तार नव्याने गुंडाळणं) करावं लागलं असतं. नवीन ट्रान्सफॉर्मर बसवून चार दिवसांत मोकळं होता आलं असतं, पण वडिलांच्या रेडिओचा तोच आवाज राहावा म्हणून मी जुनाच दुरुस्त करायचा हट्ट धरला. तो तुम्हाला विचारून धरायला हवा होता, हेही खरं.

जोड नवा केला आणि झाकण लावून रोज सहा तास, असे पाच दिवस चालवला. आता थांबत नाही.

एक विनंती: दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून तुम्ही स्पीकर काढून रेडिओ चालवून पाहिलात, तसं पुन्हा करू नका. स्पीकरचा लोड नसला की प्रायमरीवर मोठं व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटू शकतं.

३०० रुपये पाकिटात काढून ठेवलेत. येणं जमत नसेल तर मुलगा घरी आणून देईल.