जबडा बांधल्यावर कुत्रा चाटणार कशाने?

‘मझल म्हणजे मुक्या जिवावर अत्याचार’ हा मेसेज सोलापुरात ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मझल म्हणजे कुत्र्याने चावू नये म्हणून त्याच्या तोंडावर चढवायचं मुसकं. काल तो मेसेज वहिनींकडून आला, सोबत ‘टायगरसाठी मझल घेऊ नका’ असा आग्रह. मेसेजचं म्हणणं असं: मझलने कुत्रा चिडका होतो, कायद्यानेच त्याला बंदी आहे, दवाखान्यात नेताना ओढणीने जबडा आवळा आणि नाकाला शेंगा चटणी लावा म्हणजे चाटत गप्प बसेल, नाहीच जमलं तर झोपेची अर्धी गोळी द्या.

आधी ओढणी. जबडा आवळल्यावर तो चाटणार कशाने, एवढासुद्धा विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हीच त्याची अंग थंड करायची मुख्य सोय. ती बंद करून मे महिन्यात भर दुपारी जुळे सोलापूरहून रिक्षाने निघालात, तर दवाखाना येईपर्यंत ताप चढलेला असेल. त्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश. 41 ओलांडलं की जिवाशी गाठ. त्यात भीतीने उलटी झाली तर बाहेर पडायला वाट नाही, ती श्वासनलिकेत उतरते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर ओढणी सरकून नाकपुड्यांवरच बसते.

आणि शेंगा चटणी भाकरीबरोबर आपण खावी. तिच्यात लसूण असतो, लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तिखट-मीठ वेगळंच.

डॉक्टर कधीकधी बँडेजने तोंड बांधतात, हे खरं. पण ते जखमी कुत्र्याला, दोन-चार मिनिटांपुरतं, नजर न हटवता. घरून बांधून न्यायची ती चीज नव्हे.

‘चिडका होतो’ यात अर्धं तथ्य आहे, मान्य करतो. दवाखान्याच्या पायरीवर पहिल्यांदाच मझल कोंबलात तर तो बिथरणारच, आणि पुढच्या वेळी मझल दिसताच पळेल. म्हणून सवय घरी, दोन-तीन आठवडे आधी लावायची. कोळप्याच्या बैलाला मुसकं असतं तसा जाळीचा मझल घ्या, कापडी नळीचा नको. माप असं: नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या एक बोट खालपर्यंत लांबी, आणि तिथलाच घेर. आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे.

पहिले दोन-तीन दिवस मझल वाटीसारखा धरायचा, आत उकडलेल्या चिकनचा बिनमिठाचा तुकडा. तोंड त्याने स्वतः घालायचं, तुम्ही ढकलायचं नाही. एका वेळी पाच-सहा फेऱ्या, दिवसातून दोनदा, बस्स. मग तोंड आत असताना जाळीतून चमच्याने दही चाटवायचं: आधी 5 सेकंद, मग 10. त्यानंतर पट्टा कानामागे नुसता टेकवायचा, पुढे बक्कल लावून लगेच काढायचं. पट्ट्याखाली एक बोट शिरलं पाहिजे. वेळ वाढवत 10 मिनिटांवर आलात की मझल असतानाच कान उघडून बघा, पंजा धरा. डॉक्टर तेच करणार आहेत. पंजाने ओरबाडायला लागला तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे या. आणि अधूनमधून घालून नुसतं फिरायलाही न्या, नाहीतर मझल म्हणजे सुई हे गणित त्याच्या डोक्यात पक्कं होतं. एकटा असताना मात्र कधीच घालून ठेवू नका.

कायद्याचं म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा, कलम 11 उघडून वाचा. मारणं, लाथ घालणं, अवाजवी आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हे त्यात आहे. मझलचं नावही नाही. गच्चीत दिवसभर हातभर साखळीला कुत्रा बांधणाऱ्यांनी हा मेसेज पुढे ढकलावा, कमालच आहे.

राहिली गोळी. फार घाबरट कुत्र्याला डॉक्टर गॅबापेंटिनसारखं औषध देतात, पण वजन बघून. आजोबांच्या डब्यातली झोपेची गोळी दिली तर काही कुत्रे झोपायचे सोडून उलट जास्त बेभान होतात. दिलीच असेल तर दवाखान्यात शिरताच गोळीचं नाव आणि दिल्याची वेळ सांगा. भूल द्यायची झाली तर डॉक्टरांचा डोस त्यावर बदलतो.