बाळ झोपलं की काम कर, हा सल्ला आता पुरे

मी घरून वेबसाइटची कामं करते आणि माझी लेक नुकतीच वर्षाची झाली. या वर्षभरात "तुझं बरं आहे गं, घरूनच काम, बाळही सांभाळून होतं" हे इतक्या जणींकडून ऐकलंय की एकदा नीट लिहावंसं वाटलं. माझ्या एका मैत्रिणीला सातवा महिना लागलाय आणि नोकरी सोडून वेबसाइट डिझाइनची कामं घरून घ्यायचं तिच्या मनात आहे. तिनेही हे वाचावं.

बाळाच्या झोपेवर काम बेतू नका. तान्ह्या बाळाची झोप वीस मिनिटांची की दोन तासांची, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि आपलं सगळं काम एकाच जातीचं नसतं. येवल्याच्या एका पैठणीच्या दुकानाची साइट मी सांभाळते. दिवाळीआधी त्यांनी साड्यांचे फोटो पाठवले, थेट कॅमेऱ्यातले, एकेक पाच-सहा एमबीचा. ते तसेच चढवले असते तर मोबाइलवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलं असतं. फोटो लहान करणं, वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारात बदलणं, प्रत्येकाखाली 'मुनिया काठ, बांगडी-मोर पदर' असं लिहिणं, हे सगळं लेक मांडीवर दूध पीत असताना एका हाताने झालं. मध्येच उठावं लागलं तरी काही बिघडत नव्हतं. पण त्याच साइटचं चेकआउट, म्हणजे पैसे भरून ऑर्डर द्यायचा भाग, नव्याने बांधायचं होतं. ऑनलाइन पैसे घेणारी सेवा (पेमेंट गेटवे), पिनकोडप्रमाणे डिलिव्हरीचा खर्च, पैसे कापले गेले पण ऑर्डर पडलीच नाही तर काय करायचं... हे सलग दोन-अडीच तास मिळाल्याशिवाय होतच नाही. अर्धवट सोडून उठलं की परत बसल्यावर आपण कुठे होतो हे शोधण्यातच अर्धा तास जातो, तोवर पाळण्यातून आवाज येतो.

अशा कामासाठी घरात दुसरं माणूस लागतं आणि त्या माणसाची वेळ ठरलेली लागते, हे माझं ठाम मत आहे. "मी आहे ना, हाक मार" याला मदत म्हणत नाहीत. आमच्याकडे सकाळी साडेसहा ते नऊ लेक बाबाकडे. दूध काढून ठेवलेलं असतं, लंगोट त्यानेच बदलायचे, रडली तरी त्यानेच फिरवायची, माझं दार वाजवायचं नाही. सासूबाईंना सुरुवातीला हे फार जड गेलं. "आई घरात असताना लेकराने रडायचं?" पुढे एका सकाळी आलेल्या शेजारणीला त्याच म्हणाल्या, "सूनबाई कामात आहे, नऊनंतर या." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता पैशाचं. नोकरदार बाईला प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोयही करावी लागते. स्वतःचे क्लायंट सांभाळणाऱ्या बाईला यातलं काहीच लागू नाही, कारण रजा द्यायला मालकच नाही. हा अन्याय आहे. कर आम्हीही भरतो. स्वतःच्या बळावर कमावणाऱ्या बाईलाही बाळंतपणात ठरावीक आधार मिळाला पाहिजे, आणि ही मागणी आपण मोठ्याने करायला हवी. म्हणूनच मैत्रिणीला माझं कळकळीचं सांगणं आहे, आत्ता राजीनामा देऊ नकोस. हक्काची रजा आधी घे, फ्रीलान्सिंगचं नंतर बघू.

ज्यांना रजाच नाही त्यांनी आपली रजा आधीपासून साठवावी. जुन्या क्लायंटना एएमसीवर, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारावर, आणा. बॅकअप, प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम) अपडेट करणं, छोटे बदल यांचे ठरलेले पैसे येत राहतात आणि ही कामं तुकड्या-तुकड्यांनी होतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती मोफत आहे. नोंदणी असेल तर कायद्याने बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. एका एजन्सीने माझं बिल ऐन बाळंतपणात अडकवून ठेवलं होतं. उद्यम क्रमांक आणि उशिराच्या व्याजाचं कलम लिहून मेल टाकला, तेव्हा कुठे पैसे आले.

लसीकरणाचं कार्ड हातात आलं की त्या तारखा लगेच कामाच्या कॅलेंडरमध्ये घाला. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर बाळाला ताप येऊ शकतो. तो दिवस आणि दुसरा दिवस डेडलाइन नको. क्लायंटला कारण सरळ सांगा. माझ्या बहुतेकांनी समजून घेतलं.

आता लेक दुपारी तीन तास जवळच्या काकूंच्या पाळणाघरात जाते. तो खर्च मी कोटेशन काढतानाच दरात धरते, होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचा, धरते तसाच. एका क्लायंटने "एवढं कसं वाढलं?" म्हणून विचारलं, तेव्हा हेच कारण सांगितलं आणि दर कमी केला नाही.