भाऊबीजेच्या पाटावरचा मुलगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. हर्णैजवळच्या एका वाडीत शेजारी वाढलेल्या मीरा आणि सुहास यांच्या माझ्या दीर्घकथेवर आपले तीन आक्षेप आहेत. जिने लहानपणी भाऊबीजेला ओवाळले, तिनेच विसाव्या वर्षी त्या मुलावर प्रेम करावे, हे आपल्याला रुचले नाही; गोष्ट दोघांची असताना दोन्ही घरांतली माणसे पानोपानी मध्ये येतात, असे आपल्याला वाटले; आणि जुलै महिन्यात सुहासचे वडील ट्रॉलरवर गेलेले दाखवणे ही चूक आहे, असे आपण लिहिले आहे.

शेवटच्या मुद्द्यावर मी आपले म्हणणे पूर्णपणे मान्य करते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि खलाशी त्या दिवसांत पडवीत जाळी शिवत बसलेला असतो. ही चूक मला फार बोचली, कारण ती निव्वळ तपशिलाची नाही. वडील समुद्रावर आहेत असे धरूनच मी त्या दोघांना संध्याकाळी पडवीत मोकळेपणाने बोलू दिले होते. ते घरी असते तर दोघांना एक वाक्यही धड बोलता आले नसते. तो प्रसंग मी नव्याने लिहिते आहे.

भाऊबीजेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. मीरा सहा वर्षांची असताना आजीने ओटीवर चार पाट मांडले. तीन मुंबईहून आलेल्या चुलतभावांसाठी आणि चौथा सुहाससाठी, कारण त्याला बहीण नव्हती आणि सणाच्या दिवशी शेजारचे पोर बिनओवाळलेले राहू नये, असे आजीला वाटले. त्यात माया होती. पण ते नाते आजीने ठरवले होते, त्या मुलांनी नव्हे. तेराव्या वर्षी मीराने तबक धाकट्या बहिणीच्या हाती दिले आणि ती कळशी घेऊन विहिरीवर निघून गेली. का, ते तिलाही सांगता आले नसते. ते पाहिले एकट्या सुहासच्या आईने, आणि सात वर्षांनी तीच मीराला म्हणते, "पाटावर बसवून ओवाळलंस त्याला, आता मी तुझ्याकडं काय म्हणून बघू?" आपला आक्षेप तो हाच. तो मला खोटा वाटत नाही, म्हणूनच कथेत त्याला कोणीही उत्तर देत नाही.

आता घरांबद्दल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोलीच्या किनाऱ्यावरची नारळी-पोफळीची आगरे आडवी झाली, हे आपणही जाणता. कथेत त्याच दिवशी दोन्ही घरांमधल्या पोफळी पडतात आणि आजवर झाडांआड असलेली एकमेकांची मागली दारे समोरासमोर येतात. वीज नाही, एका घरावर कौले नाहीत, म्हणून कित्येक दिवस दोन्ही घरांचे जेवण एकाच चुलीवर शिजते. पुढे दगडी गडग्याच्या कडेने नवी रोपे लागतात, आणि त्यांना पाणी मिळते ते दोन्ही घरांच्या सामाईक विहिरीचे, ठरलेल्या पाळीने. पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. उद्या लग्नाचा शब्द टाकला आणि तो नाकारला गेला, तर ती पाळी कोण कशी सांभाळणार? उसनी दिलेली कौले, आजारपणातली जागरणे, एकमेकांच्या घरातला गणपती, यांतले काहीच कोणी लिहून ठेवलेले नाही. ते सारे त्या एका शब्दाने पणाला लागते. सुहास महिनोन्‌महिने गप्प राहतो, त्याला आपण भित्रेपणा म्हटले आहे. मला तो तसा वाटत नाही. नकार मिळाला तर एकट्याचे दुःख तो सोसेल, पण आपल्यामुळे आईला त्या सामाईक विहिरीवर जाताना मान खाली घालावी लागेल, या विचाराने त्याची जीभ अडते. या माणसांना बाजूला काढले तर त्याच्या गप्प राहण्याला कारणच उरत नाही.

मुंबईच्या काकांचा लांबलेला प्रसंग मात्र खरोखरच अनावश्यक आहे. आपल्या सांगण्यावरून तो मी काढून टाकला आहे.

नव्या खर्ड्यात सुहासचे वडील पडवीत जाळे पसरून बसले आहेत, पाऊस लागला आहे, आणि मीरा बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, येऊन थांबली आहे. ते मान वर न करता तिला आत यायला सांगतात. पुढचे अजून लिहून झालेले नाही.