पोहत गेलेला मासा वाचलाच असं नाही

नाशिकमधल्या गळवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. अमेरिकेत तळ्याच्या काठावरून बास मासा पकडतात आणि परत सोडतात, तीच पद्धत आपण गंगापूर, दारणा, मुकणे धरणांच्या काठावर वापरावी, असं त्यात म्हटलंय. मुद्दे साधारण असे: मासा थंड रक्ताचा, त्याला दुखत नाही. तोंडात अंगठा घालून उभा लटकवावा. निसटू नये म्हणून कोरड्या टॉवेलात धरावा. फोटो आणि वजन सावकाश करावं, कारण मासे चिवट असतात. मरळ पाण्याबाहेर तासन्‌तास जगते, हा त्याचा पुरावा. गळ गिळला असेल तर ओढून काढलाच पाहिजे. मग मासा लांब फेकून द्यावा. पोहत गेला म्हणजे वाचला. आणि प्रत्येक मासा सोडायचाच, खाण्यासाठी धरणारे मागासलेले.

मासा परत सोडावा असं वाटणारी तरुण मुलं धरणाकाठी दिसू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच हा मेसेज तसाच पुढे जाऊ द्यावासा वाटत नाही. यातलं ऐकून कुणी रोहू सोडला, तर सोडल्याचं समाधान त्याला मिळेल आणि मासा संध्याकाळपर्यंत मेलेला असेल.

सगळ्या घोळाचं मूळ ‘पोहत गेला म्हणजे वाचला’ या वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. गळाला लागलेला मासा जीव तोडून झुंजतो. त्या झुंजीत त्याच्या स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, लॅक्टिक आम्ल साठतं, रक्ताचा तोल बिघडतो, आणि तो तोल सावरायला कित्येक तास लागतात. हातातून सुटल्यावर तो शेपटी मारून पळतो ते घाबरून. पळाला म्हणजे बरा झाला असं नव्हे. नंतर तो कुठेतरी खोल पाण्यात आडवा पडू शकतो. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून ‘वाचला’ हा आपला समज कधी खोटा ठरत नाही, एवढंच. पकडून सोडलेल्या माशांपैकी किती मरतात यावरच्या 53 अभ्यासांचा एक आढावा 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मरणाऱ्यांचं सरासरी प्रमाण 18 टक्के आलं आणि मध्यक 11 टक्के, म्हणजे निम्मे आकडे 11 च्या खाली आणि निम्मे वर. काही ठिकाणी जवळजवळ एकही मासा मेला नव्हता, काही ठिकाणी बहुतेक सगळे मेले होते. एवढा फरक कशामुळे पडतो? गळ कुठे लागला, पाणी किती गरम होतं, आणि मासा किती वेळ आणि कसा हाताळला यामुळे. यातल्या बऱ्याच गोष्टी गळ धरणाऱ्याच्या हातात असतात.

आता ‘फोटो सावकाश काढा’ या सल्ल्याकडे येतो. सगळ्यात जास्त जीव यानेच जात असावेत असं मला वाटतं. माशाच्या कल्ल्याचं झाकण उचलून पाहिलंत तर आत लाल तंतूंच्या ओळी दिसतात. पाण्यात ते तंतू एकमेकांपासून सुटे तरंगतात आणि प्रत्येकाच्या अंगावरून पाणी वाहतं. बाहेर काढताच ते ओल्या केसांसारखे एकमेकांना चिकटतात आणि श्वास घेण्याची जागा जवळजवळ संपते. म्हणजे आपण धावून धावून दमलेल्या माणसाचं नाक दाबतो. 1992 मध्ये कॅनडात रेनबो ट्राउटवर झालेला एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. दमवलेले पण पाण्यातच ठेवलेले मासे 88 टक्के जगले. दमवून 30 सेकंद हवेत धरलेले 62 टक्के जगले. आणि 60 सेकंद धरलेले फक्त 28 टक्के. ट्राउट हा थंड पाण्यातला नाजूक मासा आहे, आपला रोहू-कटला त्याच्यापेक्षा दणकट आहे, हे मान्य. म्हणून हेच आकडे गंगापूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण कल्ल्यांची रचना तीच आहे. एक मिनिट म्हणजे किती, तेही बघा: मोबाइल खिशातून काढायचा, लॉक उघडायचा, मित्राला ‘इकडून घे, ऊन मागे येतंय’ म्हणायचं, वजनकाटा पिशवीत शोधायचा. मिनिट केव्हाच उलटून गेलेलं असतं.

मरळीचं उदाहरण इथे लागूच पडत नाही. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळी पोकळी असते. म्हणून तर बाजारात ती टोपलीत वळवळत असते. मांगूरचंही तसंच. रोहू, कटला, मृगळ यांना ही सोय नाही. चिवट मरळीकडे बघून रोहूचा अंदाज बांधला की रोहूचा जीव जातो.

उभं लटकवण्याचा मुद्दा बासवाल्यांच्या फोटोंवरून उचललाय, आणि नेमकं तिथेच बास म्हणजे कोणता मासा हे कुणी बघितलं नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. त्याचा जबडा रुंद आणि हाडाचा असतो, दात सँडपेपरसारखे बारीक. खालच्या ओठात अंगठा घालून तो नीट धरता येतो, आणि काठावर लागणारा बास बहुतेकदा किलो-दोन किलोचाच असतो. त्याचा जागतिक विक्रमसुद्धा 22 पौंड 4 औंस, म्हणजे साधारण 10 किलोचा आहे. हा विक्रम 1932 मध्ये जॉर्जियात झाला आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. आपल्या धरणांत 10 किलोचा कटला ही काही जगावेगळी गोष्ट नाही. तेवढं ओझं माशाच्या तोंडावर टांगायचं? पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. बाहेर उभा लटकवला की सगळा भार जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतो. मोठा बास धरतानाही जाणकार दुसरा हात पोटाखाली घालतात आणि मासा आडवा ठेवतात. शिवाय रोहू-कटल्याच्या जबड्यात दात नसतात, ओठ मांसल असतात. तिथे अंगठ्याला पकडच मिळत नाही. आणि शिवडा किंवा मरळीच्या तोंडात अंगठा घातलात तर दवाखान्यात जावं लागेल. त्यांचे दात धारदार असतात.

या मेसेजमध्ये अमेरिकेतला अर्धाच भाग आलाय, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. तिकडे बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी 1972 मध्ये मासे न मारण्याची मोहीम सुरू केली. पण तिच्यासोबत बोटीत हवा खेळवलेली पाण्याची टाकी आली, आणि मेलेला मासा आणला तर वजनातून दंड कापण्याचे नियमही आले. आपल्यापर्यंत फोटो पोचला. टाकी आणि दंड वाटेतच राहिले.

कोरडा टॉवेल. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं संरक्षण असतं. जंतू, बुरशी, परजीवी यांना तो बाहेर ठेवतो आणि शरीरातलं पाणी-क्षारांचं प्रमाण राखायला मदत करतो. कोरडं कापड, कोरडे हात, तापलेला मुरूम, यांपैकी काहीही लागलं की तो थर सोलून निघतो. त्या जागी पुढच्या काही दिवसांत पांढरी बुरशी धरते. हात आधी पाण्यात बुडवून ओले करा, एवढं पुरतं. हातजाळं वापरत असाल तर रबरी किंवा बिनगाठीच्या जाळीचं घ्या. गाठींची नायलॉनची जाळी खवले ओरबाडते आणि पर फाडते.

गंगापूरच्या मागच्या पाण्यात, जिथे काठ उतरता आणि दगड कमी आहेत, तिथे एका जुन्या गळवाल्याला रोहू सोडवताना पाहिलंय. तो घोट्याएवढ्या पाण्यात उतरला, रॉड काखेत दाबला, डावा हात माशाच्या पोटाखाली घातला. मासा पाण्यातच होता, फक्त ओठ वर. बारीक पक्कड गळाच्या वाकणावर लावली, मनगट उलटं फिरवलं, गळ सुटला. त्याच्या गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला होता, म्हणून एवढं सोपं गेलं. नंतर हात तसाच ठेवून तो थांबला, माशाचं तोंड वाऱ्याने येणाऱ्या लाटेकडे करून. मासा स्वतःहून निघाला तेव्हाच त्याने हात काढला. अनेक जण या वेळी माशाला पुढे-मागे ढकलतात. पुढे ठीक आहे, पण मागे ओढल्याने कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. त्याचा उपयोग नाही. आणि लांब फेकणं तर सोडूनच द्या. दमलेला मासा पोटावर आपटतो, आणि काठच्या उथळ पाण्यात खालचा दगडही लागतो.

गळ गिळला असेल तर ओढून काढू नका. मेसेजमधला सल्ला उलटा करून लक्षात ठेवा. घशाच्या पलीकडे कल्ले आणि हृदय अगदी जवळ असतात. तिथून गळ खेचला की रक्तवाहिनी फाटते. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तोंडाशी जितका जवळून कापता येईल तितका कापून मासा सोडला, तर जगण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक जातींच्या माशांवर दिसून आलंय. बरेच मासे आत राहिलेला गळ पुढे टाकूनही देतात. त्यासाठी स्टेनलेसचा गळ मात्र नको, तो लवकर गंजत नाही. गिळण्याची वेळच येऊ नये यासाठी रॉड काठीला टेकवून चहा प्यायला जाऊ नका. कणकेची किंवा पेंडीची गोळी मासा सावकाश चोखतो आणि तुमचं लक्ष नसताना आत घेतो. गोल वळणाचा सर्कल हुक वापरलात तर तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात लागतो. त्यासाठी झटका मारायची सवय सोडावी लागते. तंगूस ताणला की नुसतं रीळ फिरवायचं.

कल्ल्यातून रक्त वाहत असेल तर? तो मासा सोडू नका, खा. डोक्यावर एकच जोरदार घाव घालून लगेच मारा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तडफडत ठेवला तर त्याचे हाल होतात आणि मांसाची चवही बिघडते.

‘दुखत नाही’ याबद्दल. 2003 मध्ये शास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या डोक्यावरच्या 58 संवेदक पेशी तपासल्या. त्यांतल्या 22 इजेला प्रतिसाद देणाऱ्या निघाल्या. ओठांत आम्ल टोचलेले मासे ओठ खड्यांवर घासत होते, बराच वेळ खात नव्हते. माशाला माणसासारखी वेदना जाणवते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, कारण त्याच्या मेंदूची रचना वेगळी आहे. पण ‘काहीच होत नाही’ असं म्हणायला आता आधार उरलेला नाही.

मेसेजमध्ये उन्हाळ्याचा उल्लेखच नाही, आणि नाशिकमध्ये तो असायलाच हवा होता. 20 अंश तापमानाच्या पाण्यात एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसात. पाणी गरम झालं की माशाची गरज मात्र वाढते, कारण त्याचं शरीर पाण्याइतकंच तापतं. एप्रिल-मेच्या दुपारी धरण आटलेलं असताना काठच्या कोमट पाण्यात झुंजवलेला मासा सोडणं हे सोडणं नव्हेच. पहाटे जा, असं सगळे सांगतात आणि मोठ्या धरणांवर ते बरोबर आहे. शहराच्या खाली गोदावरीत, जिथे जलपर्णी आणि शेवाळ माजलंय, तिथे मात्र सूर्योदयाआधीच प्राणवायू सर्वांत कमी असतो. रात्रभर वनस्पतीही तो वापरत असतात. तिथे मे महिन्यात मासा पकडून सोडायला जाऊच नये, असं माझं मत आहे.

राहिला ‘प्रत्येक मासा सोडलाच पाहिजे’ हा हट्ट. बासचंच घ्या. जपानमध्ये तो 1925 मध्ये बाहेरून आणला गेला आणि तिथल्या मूळच्या माशांवर उठला. बिवा तलाव ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच 2003 पासून बंदी आहे. आपल्याकडे चिलापी (तिलापिया) आणि आफ्रिकन मांगूर ही तशीच बाहेरून आलेली मंडळी. या आफ्रिकन मांगूरच्या पालनावर तर देशात बंदी आहे. हे दोन्ही गळाला लागले तर घरी न्या. खाण्यासाठी मासा धरणाऱ्या भिल्ल, कोळी कुटुंबांना मागासलेलं म्हणणारी ती ओळ मात्र माफ करण्यासारखी नाही. धरणातल्या माशांचा ठेका सहसा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो, त्यांच्या पोटाचा तो प्रश्न आहे. आपण हौशी माणसांनी आधी त्यांची परवानगी घ्यावी. आणि नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे रॉड घेऊन जाण्याचा विषयच नको.

बासकडून उचलण्यासारखी एक गोष्ट मेसेजवाल्यांनी सोडली. बासचा नर तळाशी घरटं साफ करून अंड्यांवर पहारा देतो. त्याला गळाने उचललं की लहान मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात; नंतर नर सोडला तरी ती परत येत नाहीत. आपली मरळ हेच करते. पावसाळ्यात काठच्या गवतात लालसर पिल्लांचा घोळका पृष्ठभागावर खदखदताना दिसतो, आणि खाली त्यांचे आईबाप असतात. घोळक्याजवळ बेडूक टाकला की मरळ हमखास झडप घालते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती भूक नसते, राखण असते. तिथे गळ टाकू नका, सोडून देण्यासाठीसुद्धा नाही.