'लाल करा, पाइप घाला' वाल्या बोल्टच्या मेसेजबद्दल

ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय: अडकलेला बोल्ट? डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा, पाच मिनिटं थांबा, नाहीच हलला तर गॅसच्या टॉर्चने तापवून लाल करा आणि पान्याला लांब पाइप घालून ओढा. लोखंडी चासीवर चालेल एक वेळ, पण ॲल्युमिनियमच्या इंजिनावर, त्यात आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत, नाय चालत. माझ्या जुन्या झेन गाडीचं इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं, थर्मोस्टॅट हाउसिंगचा (इंजिनाच्या कूलंटची झडप बसते त्या झाकणाचा) बोल्ट मी असाच तोडलाय म्हणून सांगतो.

आधी ती पाच मिनिटं. डब्ल्यूडी म्हणजेच वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायला बनवलेली वस्तू ती. आणि इथे अडवणारा लाल गंज नसतोच, पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियम आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली की, त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि आट्यांत पांढरी पावडर फुगून बसते. माझ्या तुटलेल्या बोल्टच्या दांडीवर ती भिजलेल्या रव्यासारखी वाळून बसलेली, नखाने निघेना. पेनिट्रेटिंग ऑइल (आट्यांत झिरपणारं पातळ तेल) घ्या, दोन-तीनदा मारा, रात्रभर मुरू द्या.

'लाल करा' तर सगळ्यात डेंजर. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि त्याआधी लाल वगैरे होत नाही, बोल्ट लाल दिसेपर्यंत बाजूचं ओतीव ॲल्युमिनियम वितळून बसलेलं असतं. उष्णता हवीच, पण बोल्टला नाही, भोवतालच्या ॲल्युमिनियमला, कारण ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि भोक सैल पडतं. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की पुरे. (पेट्रोलचे पाइप आधी बाजूला करा रे बाबांनो.)

पाइपचं काय सांगू. सहा एमएमचा बोल्ट, दहाचा पाना, त्यावर दोन फुटी पाइप, पिळून तुटणारच तो. डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, मग जरा घट्ट, जरा सैल, परत तेल, असं खेळवत काढायचा. मी खेचत होतो तेव्हा मेस्त्री मागून म्हणाले, "घाई कित्याक करतंस?" आणि तेवढ्यात टक्क.

आणि 'तुटला तर इझी-आउट (तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा कडक स्क्रू) आहेच' म्हणणाऱ्यांनो, तो इझी-आउटच आत तुटला की साधा ड्रिल त्याच्यावर नुसता घसरतो. मेस्त्रींनी हाउसिंग उचललं, वर उरलेल्या टोकावर नट ठेवून नटच्या भोकातून वेल्डिंग मारलं, जरा निवू दिलं आणि साध्या पान्याने बोल्ट बाहेर. आटे मात्र गेले होते, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवावी लागली. नव्या बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) लावलंय, टॉर्क म्हणजे आवळायचा जोर थोडा कमी ठेवून.